उशीर झाला म्हणणाऱ्यांनी तो कुणी केला हेही सांगावं

संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे आदिवासी भाषांचं दशक म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून एक वाद ठरलेल्या चाकोरीतून फिरतो आहे. एखाद्या छोट्या भाषेचं नाव निघतं, ती लहानपणापासून बोलणारे किती उरले याचा आकडा सांगितला जातो आणि लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू हळहळते आणि काहीतरी केलं पाहिजे म्हणते. दुसरी बाजू हिशेब मांडते: मूठभर म्हाताऱ्या माणसांसाठी शाळा, शिक्षक, कोश कशाला? आता फार उशीर झाला, आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि पुढे चला. उत्तर अमेरिकेतल्या कायुगा भाषेबद्दलची चर्चा याच वळणाने जाते आणि दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला हात घालत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की, कायुगा भाषा उभी करण्याचा खर्च हे देणं आहे. ज्या सरकारांनी त्या भाषेखालची जमीन काढून घेतली आणि मुलांच्या तोंडातून ती भाषा मारून काढली, त्यांच्याकडून ते यायचं आहे. आणि ज्याने स्वतः उशीर केला, त्या देणेकऱ्याला ‘आता उशीर झाला’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी बोटांसारखी लांबट तळी आहेत, त्यांतल्या एकाचं नाव कायुगा. त्याच्या काठचे मूळ रहिवासी स्वतःला गायोगोहोनो म्हणतात. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा आणि सेनेका यांच्याबरोबर त्यांनी युरोपीय लोक येण्यापूर्वी एक संघ बांधला. फ्रेंचांनी त्याला इरोक्वाय म्हटलं, तो स्वतःला हौदेनोशौनी म्हणवतो. अठराव्या शतकात टस्करोरा त्यात सामील झाले आणि ‘सिक्स नेशन्स’ हे नाव रूढ झालं. संघाच्या महापरिषदेत ५० प्रमुखपदं आहेत, त्यांतली १० कायुगांची. पद आईच्या कुळातून चालत येतं. प्रमुख कोण व्हायचा हे कुळाची मुख्य स्त्री ठरवते आणि चुकलेल्याला पदावरून उतरवण्याचा अधिकारही तिचाच. प्रमुख वारला की नव्याला बसवण्याआधी शोकनिवारणाचा दीर्घ विधी होतो. राष्ट्रांचे दोन गट पडतात. ज्या गटात मृत्यू झाला त्याचे अश्रू दुसऱ्या गटाने पुसायचे, संघाच्या संस्थापकांची नावं क्रमाने घ्यायची आणि मगच नवा माणूस उभा करायचा. हे सारं मौखिक आहे. इथे भाषा म्हणजे घरगुती बोली नव्हे, ती एका राज्यव्यवस्थेची कार्यभाषा आहे, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास कारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देणारा कोश करवून घेतला, तो काही हौस म्हणून नव्हे.

आता जमिनीचा इतिहास, कारण भाषेचा हिशेब तिथूनच सुरू होतो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात बहुतेक कायुगा ब्रिटिशांच्या बाजूने होते आणि इरोक्वाय योद्ध्यांनी सीमेवरच्या वसाहतींवर जीवघेणे हल्ले केले होते. हे लपवण्याचं कारण नाही. पण १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जनरल सुलिव्हन यांना जो लेखी आदेश दिला, त्यात वस्त्यांचा संपूर्ण विध्वंस हे उद्दिष्ट स्पष्ट शब्दांत होतं. त्या सप्टेंबरात सैन्याच्या तुकड्या कायुगा तळ्याच्या दोन्ही काठांनी फिरल्या. घरं जाळली, उभा मका आणि साठवलेलं धान्य जाळलं. आज जिथे ऑरोरा गाव आहे, तिथल्या चोनोडोट या वस्तीत पीचची १५०० झाडं होती, ती तोडली. धान्य जाळणं एका हिवाळ्यापुरतं असतं. फळबाग तोडणाऱ्याला समोरचा माणूस परत यायलाच नको असतो.

युद्धानंतर कायुगा विखुरले. बरेच जण आजच्या कॅनडातल्या ओंटारिओत ग्रँड रिव्हरच्या काठी गेले. १७८४ मध्ये गव्हर्नर हाल्डिमंड यांनी नदीच्या दोन्ही बाजूंची सहा-सहा मैल जमीन सिक्स नेशन्सना दिली होती, सुमारे ९ लाख ५० हजार एकर. त्यातली आज सुमारे ४६ हजार एकर त्यांच्याकडे आहे. जे न्यूयॉर्कमध्ये राहिले त्यांच्याकडून राज्याने १७८९ मध्ये जवळजवळ सगळी भूमी लिहून घेतली आणि तळ्याच्या उत्तर टोकाला ६४ हजार एकर राखून ठेवली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला की संघराज्याच्या कराराशिवाय मूळ रहिवाशांची जमीन कुणालाही विकत घेता येणार नाही. १७९४ च्या कॅनन्डेग्वा करारात संघराज्याने ही राखीव जमीन कायुगांची असल्याचं मान्यही केलं. तरीही १७९५ आणि १८०७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने, संघराज्याची मंजुरी न घेता, ती विकत घेतली आणि चढ्या भावाने पुढे विकली.

कायुगांनी १९८० मध्ये दावा लावला. खरेदी बेकायदा होती हे संघीय न्यायालयाने मान्य केलं आणि २००१ मध्ये व्याजासह २४ कोटी ७९ लाख डॉलर भरपाई ठरवली. २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने ती रक्कम रद्द केली. कारण काय? इतक्या वर्षांनी दावा मान्य केल्यास आजच्या रहिवाशांची घडी विस्कटेल. फार विलंब झाला. त्या तर्काची बळकट बाजू मला मान्य आहे. त्या जमिनीवरच्या सेनेका फॉल्स किंवा युनियन स्प्रिंग्ज गावात आज घर असलेल्या माणसाने काही चोरलेलं नाही. त्याच्या आजोबांनीही रीतसर पैसे मोजून ते घेतलं असेल. काळ हा कायद्यात खरोखरच एक घटक असतो, तसा नसता तर जगात कुणाच्याच सातबाऱ्याला अर्थ राहिला नसता. पण तो दावा पैशावर आला होता, कुणाला घराबाहेर काढण्याची वेळ नव्हती. राज्याने बेकायदा खरेदीतून जो नफा कमावला त्याचा हिशेब, एवढंच शिल्लक होतं. तेही उशिराच्या नावाखाली पुसलं गेलं.

या उशिराचा इतिहास तपासला तर तो बनवलेला दिसतो. ज्या प्रकारचा दावा कायुगांनी लावला, त्याला संघीय न्यायालयाचं दार उघडलं ते १९७४ मध्ये, ओनायडांच्या खटल्यात. म्हणजे तिथून मोजलं तर सहा वर्षं. कॅनडात तर विलंब कायद्यानेच सक्तीचा केला होता. १९२७ मध्ये इंडियन ॲक्टमध्ये कलम घालून, सरकारी परवानगीशिवाय असे दावे चालवण्यासाठी पैसे गोळा करणं हा गुन्हा ठरवला गेला. ते कलम निघालं १९५१ मध्ये. त्याआधी कायुगा प्रमुख डेस्काहे हौदेनोशौनींच्या पासपोर्टवर प्रवास करत जिनिव्हाला गेला आणि १९२३ मध्ये राष्ट्रसंघापुढे आपल्या लोकांचं गाऱ्हाणं मांडायला धडपडला. ब्रिटनने ते पटलावर येऊ दिलं नाही. तो बाहेर असतानाच, १९२४ मध्ये, कॅनडा सरकारने सिक्स नेशन्सची परंपरागत परिषद बरखास्त करून तिच्या जागी निवडून आलेली परिषद लादली. पोलिसांनी वॅम्पम पट्टे, म्हणजे करारांची आणि अधिकाराची मणिबद्ध नोंद, उचलून नेले. डेस्काहे पुन्हा घरी परतू शकला नाही. १९२५ मध्ये तो न्यूयॉर्कमधल्या टस्करोरांच्या भूमीवर वारला. जो माणूस सगळ्या दारांवर जाऊन आला, त्याच्या नातवंडांना तुम्ही वेळेवर का आला नाहीत असं विचारणं कुठल्या न्यायात बसतं?

यात एक निकाल आहे, जो या वादात कुणी काढत नाही. १९२६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या लवादाने कॅनडातल्या कायुगांच्या वर्षासनाचा दावा ऐकला. न्यूयॉर्कने जमिनीच्या बदल्यात देऊ केलेलं वर्षासन सीमेपलीकडच्या कायुगांना देणं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीसच थांबवलं होतं. त्या लवादाने कायुगांना आंतरराष्ट्रीय कायद्यात स्वतंत्र अस्तित्व आहे हे नाकारलं, तेव्हा तो त्यांचा पक्षपाती होता असं कुणी म्हणणार नाही. पण विलंबाच्या मुद्द्यावर त्याने स्वच्छ भूमिका घेतली: जे लोक एका सार्वभौम सत्तेच्या पूर्ण पालकत्वाखाली आहेत आणि तिच्यामार्फतच बोलू शकतात, त्यांचा न्याय्य हक्क त्या पालकाच्या दिरंगाईमुळे बुडू शकत नाही. एक लाख डॉलर मंजूर झाले. रक्कम छोटी होती, तत्त्व मोठं होतं. २००५ साली ते तत्त्व उलटलं.

हाच उशिराचा तर्क आता भाषेला लावला जातो आहे. जमीन गेली, आता उशीर झाला. भाषा गेली, आता उशीर झाला. दोन्हीकडे घालवणारा हात बाजूला ठेवून फक्त कॅलेंडर दाखवलं जातं.

भाषा कशी गेली? ब्रॅन्टफर्डला मोहॉक इन्स्टिट्यूट नावाची निवासी शाळा होती. आधी चर्चशी जोडलेल्या एका कंपनीने आणि पुढे कॅनडा सरकारने चालवलेली, १९७० मध्ये बंद झालेली. सिक्स नेशन्सची कित्येक पिढ्यांची मुलं तिथे गेली. रोजच्या पातळ लापशीवरून मुलांनी तिला ‘मश होल’ असं नाव ठेवलं होतं आणि स्वतःची भाषा बोलणं तिथे शिक्षेला पात्र होतं. याला समांतर उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीजवर यावं. तरीही कोकणी टिकली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. मग कायुगा का टिकू नये, किंवा उलट, कोकणी आपल्या बळावर टिकली तर कायुगाला मदत कशाला, असं कुणी विचारेल. फरक असा की कोकणी बोलणारी माणसं त्या फर्मानानंतरही आपल्याच गावात, आपल्याच शेतात बहुसंख्य होती. जी कुटुंबं दक्षिणेला कानड्या मुलखात गेली त्यांनाही तिथे वस्ती करून राहता आलं. कायुगांची मुलं मात्र घरातूनच उचलून नेली जात होती, आणि घर ज्या जमिनीवर होतं ती वर्षागणिक आटत होती.

इथे सगळ्यात अवघड आक्षेप समोर येतो. अनेक कायुगा आईबापांनी स्वतःहून मुलांशी इंग्रजी बोलायला सुरुवात केली. हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात किंवा बफेलोला नोकरी हवी तर इंग्रजी लागणारच होती. हा निर्णय समजूतदार होता, प्रेमापोटी घेतलेला होता, आणि त्याला सक्ती म्हणणं त्या आईबापांना अज्ञानी ठरवणं होईल. मी हे मान्य करतो. पण ज्या बाईने शाळेत भाषेसाठी मार खाल्ला, तिने पुढे मुलाला ती भाषा शिकवली नाही, तर तिची निवड कितपत मोकळी होती? शिवाय इंग्रजी शिकण्यासाठी कायुगा सोडावीच लागते हे कुणी ठरवलं? जगात निम्म्याहून अधिक नाही तरी फार मोठ्या संख्येने माणसं दोन-तीन भाषा बाळगून जगतात. डोंबिवलीतलं किंवा बेळगावातलं कुठलंही घर पाहावं. एकच भाषा ठेवा, हा आग्रह त्या शाळांचा होता आणि तो आईबापांच्या मनात उतरवला गेला.

भूमी आणि भाषा यांचं नातं तिन्ही ठिकाणच्या कायुगांकडे पाहिलं की उघड होतं. न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्यांना स्वतःची सलग जमीन उरली नाही. ते सेनेकांच्या कॅटारॉगस या राखीव भूमीत पाहुण्यासारखे राहिले आणि त्यांची भाषा तिथे विरत गेली. काही जण सेनेकांबरोबर ओहायोला गेले होते, त्यांना तिथून १८३० च्या दशकाच्या सुरुवातीस आजच्या ओक्लाहोमात हाकललं गेलं. पुढे तिथली सामूहिक जमीनही माणशी तुकडे पाडून वाटली गेली. तिथल्या शेवटच्या बोलणाऱ्यांच्या भाषेचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की एकाच क्रियापदात अख्खं वाक्य गुंफण्याची जी ताकद ओंटारिओतले बोलणारे सहज वापरत होते, ती त्यांच्याकडे आखडत गेली होती. भाषा उरली ती ग्रँड रिव्हरला, जिथे सलग जमीन होती, लाँगहाउस, म्हणजे सभा आणि विधींची लांबट घरं, होती आणि त्यांत ऋतूंप्रमाणे होणारे विधी कायुगातच चालत होते. एकच लोक, एकच भाषा, तीन वेगळी नशिबं. फरक पाडला तो पायाखालच्या जमिनीने.

पैशाचा आक्षेप तोंडावर फेकून देण्यासारखा नाही. सिक्स नेशन्सच्या वस्तीत नवं जलशुद्धीकरण केंद्र उभं राहिलं तरी बहुसंख्य घरांपर्यंत नळ पोचलेला नव्हता. टाकीत पाणी आणून भरणाऱ्या कुटुंबाला भाषेचा वर्ग दाखवणं बरं दिसत नाही. पण पाणी की भाषा हा पर्याय त्यांच्यापुढे ठेवणारे आपण कोण? एकोणिसाव्या शतकात ग्रँड रिव्हरच्या जमिनी विकून आलेला पैसा सरकारने सिक्स नेशन्सच्या नावाने विश्वस्त म्हणून सांभाळायचा होता. त्यातला मोठा हिस्सा नदीवर जलवाहतूक करू पाहणाऱ्या एका कंपनीच्या शेअरमध्ये घातला गेला आणि कंपनी बुडाली. संमती विचारली नव्हती. या सगळ्या पैशाचा हिशेब मिळावा म्हणून सिक्स नेशन्सनी १९९५ मध्ये खटला भरला. तेव्हा करदात्यांच्या खिशातून अनुदान, हे शब्दच आधी बदलले पाहिजेत. मालकाचे पैसे खर्च करणाऱ्याने मालकाला काटकसर शिकवू नये.

राहिला ध्वनिमुद्रणाचा सल्ला. कायुगावर झालेलं काम उत्तम आहे. २००२ मध्ये मोठा कोश निघाला, तो भाषावैज्ञानिक आणि कायुगा बोलणारी माणसं यांनी मिळून केला. अलीकडे सविस्तर व्याकरणही आलं. ही भाषा कानाला विलक्षण आहे. मूळच्या कायुगा शब्दांत ओठ मिटून होणारे प, ब, म सारखे वर्ण जवळजवळ नाहीत आणि शब्दातल्या जागेनुसार काही स्वर कुजबुजीसारखे उच्चारले जातात. पण कपाटातल्या ध्वनिफिती शोकात बसलेल्या माणसाचे अश्रू पुसू शकत नाहीत. तो विधी समोरासमोर, प्रसंग पाहून बोलावा लागतो.

यावर जेकब थॉमस यांचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. कायुगा प्रमुख, संघाच्या अनेक भाषांचे जाणकार आणि १९९८ मध्ये वारलेले. त्यांनी १९९२ मध्ये संघाचा महान कायदा, म्हणजे त्याची मौखिक घटना, लोकांसमोर, कित्येक दिवस चाललेल्या कथनात, इंग्रजीतून सांगितला. परंपरेतल्या काहींना ते अजिबात रुचलं नाही. मग कायदा इंग्रजीत चालू शकतो हे सिद्ध झालं नाही का? थॉमस यांनी जे केलं त्यामागे समोर बसलेल्या तरुणांना मूळ भाषा कळत नव्हती, ही वेदना होती. त्याच माणसाने सारं आयुष्य भाषा शिकवण्यात घातलं. आग लागली असताना खिडकीतून बाहेर काढलेलं सामान पाहून घराला दाराची गरज नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

टुटेलोंची गोष्ट याहून बोलकी आहे. दक्षिणेकडून हुसकावलेल्या या छोट्या लोकांना १७५३ मध्ये कायुगांनी आपल्यात घेतलं. तळ्याच्या दक्षिण टोकाला, आजच्या इथाकाजवळ, त्यांचं गाव होतं. १७७९ मध्ये तेही जळालं. टुटेलो कायुगांबरोबर ग्रँड रिव्हरला गेले. त्यांच्यातला निकोन्हा नावाचा अतिवृद्ध माणूस १८७१ मध्ये वारला, त्याच्या तोंडून आदल्या वर्षी शब्द टिपून घेतले होते म्हणून ही भाषा सू या उत्तर अमेरिकी भाषाकुळातली हे जगाला कळलं. भाषा मिटली, पण टुटेलोंचा मृतात्म्याला दत्तक घेण्याचा विधी आणि त्याची गाणी त्यानंतरही पिढ्यानपिढ्या सावर स्प्रिंग्जच्या कायुगा लाँगहाउसमध्ये गायली गेली. संस्कृती भाषेशिवाय जगते याचा पुरावा म्हणून हे सांगितलं जातं. मला यात उलट दिसतं. ती गाणी जगली, कारण शेजारी एक जिवंत भाषा होती, जिच्यात त्या विधीची भाषणं होत, त्याचा अर्थ सांगितला जाई. कायुगांनी टुटेलोंसाठी जे केलं ते कायुगांसाठी करायला आता कोण आहे?

आता व्यवहाराचा प्रश्न. उशीर खरंच इतका झाला आहे का, की काही होणारच नाही? लहानपणापासून कायुगा बोलणारी माणसं आता काही डझनांत मोजावीत इतकीच आणि बहुतेक वृद्ध आहेत. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या मोहॉक आणि कायुगा माध्यमाच्या शाळेला हक्काची इमारत नव्हती, वर्षानुवर्षं वर्ग लॅक्रोसच्या मैदानाच्या इमारतीत भरले. तिथून बाहेर पडलेली सगळी मुलं सफाईने बोलतात असं नाही, आणि टीकाकार हे म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत. दिवसाला पाच तास शाळेत आणि उरलेले इंग्रजीत, एवढ्याने भाषा बसत नाही. पण त्याच वस्तीत १९९९ पासून मोहॉकसाठी प्रौढांचा दोन वर्षांचा पूर्णवेळ वर्ग चालतो. त्यातून बाहेर पडलेल्या काहींनी घरात मुलांशी मोहॉक बोलायला सुरुवात केली. कायुगासाठीही प्रौढांचे वर्ग निघाले आहेत. ओहस्वेकनच्या सिक्स नेशन्स पॉलिटेक्निकमध्ये या भाषांची पदवी घेता येते. इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठातही, म्हणजे कायुगांच्याच मूळ भूमीवर, ही भाषा शिकवली जाऊ लागली आहे.

तेव्हा पद्धत माहीत आहे, अडतं ते दोन वर्षांच्या पोटापाण्यावर. तिशीतली बाई नोकरी सोडून दोन वर्षं रोज दिवसभर भाषा शिकणार असेल, तर घर कसं चालवायचं? पैसे कुणाच्या हाती द्यायचे हेही सोपं नाही. ओंटारिओत निवडून आलेली परिषद आणि परंपरागत परिषद दोन्ही आहेत. न्यूयॉर्कमध्ये कायुगांच्या अंतर्गत नेतृत्वाचा वाद इतका चिघळला की २०२० मध्ये सेनेका फॉल्समध्ये त्यांच्यातल्याच एका गटाच्या इमारती जमीनदोस्त झाल्या. हा वाद त्यांनी मिटवायचा आहे, बाहेरच्याने त्यात निवाडा करू नये. पण शिकणाऱ्याचा पगार थेट शिकणाऱ्याला देता येतो, त्यासाठी कुठल्या गादीचा निकाल लागावा लागत नाही. पन्नास जणांना दरवर्षी तो पगार मिळाला, आणि जाणत्या वृद्धांना त्यांच्याबरोबर बसण्याचं मानधन मिळालं, तर दहा वर्षांत घराघरात बोलू शकणारी एक पिढी तयार होईल. तो पगार ओटावातल्या कॅनडा सरकारने आणि आल्बनीतल्या न्यूयॉर्क राज्य सरकारने द्यावा, न्यूयॉर्कने आपला वाटा २००१ मध्ये ठरलेल्या आणि २००५ मध्ये पुसलेल्या रकमेतून वळता करून द्यावा, आणि तो या वृद्धांच्या हयातीतच द्यावा.